पटल काढलं तर काय उरतं? रेटिक्युलोसाइटमधल्या प्रथिननिर्मितीच्या प्रकल्प नोंदी

७ जून

प्रकल्पाचा प्रश्न ठरला: अपक्व तांबड्या पेशीचं पटल तिच्या आत चाललेल्या प्रथिननिर्मितीवर नेमकं कुठे कुठे नियंत्रण ठेवतं?

ही पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, निवडण्यामागे कारण आहे. या पेशीने केंद्रक आधीच बाहेर टाकलेलं असतं. केंद्रकातला डीएनए नाही, त्यामुळे नवा संदेशवाहक आरएनए तयार होत नाही. जो आहे त्यावरच काम भागवायचं. रायबोसोम आणि तंतुकणिका मात्र अजून शाबूत असतात. माणसाच्या रक्तात आल्यावर एक-दोन दिवसांत ही पेशी पूर्ण पक्व होते आणि प्रथिन बनवणं कायमचं थांबतं. तोपर्यंत ती जे बनवते त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग एकट्या ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचा, असतो. संदेश कमी-जास्त करून नियंत्रण ठेवायची सोयच नसल्यामुळे, जे काही नियंत्रण आहे ते संदेश वाचला जाताना, म्हणजे रायबोसोमपाशीच असावं लागतं. आमच्यासारख्यांना याहून स्वच्छ पेशी मिळणार नाही.

तुलना दोन गोष्टींची: अखंड पेशी आणि लायसेट. लायसेट म्हणजे पेशी फोडून, पटलं सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून, वर उरलेला लाल द्रव.

९ जून

लायसेटचा इतिहास वाचून काढला. पद्धत जुनी: सशाला फिनाइलहायड्रॅझिन देऊन रक्तक्षय घडवायचा. अस्थिमज्जा ती तूट भरायला अपक्व पेशी रक्तात सोडते. मग त्या धुऊन थंड पाण्यात फोडायच्या. श्वीट, लॅमफ्रॉम आणि ॲलन यांनी १९५८ मध्ये अशा पेशीविरहित द्रवात हिमोग्लोबिन तयार होतं हे दाखवलं. १९७६ मध्ये पेलहॅम आणि जॅक्सन यांनी कॅल्शियमवर चालणारं न्यूक्लिएज (आरएनए तोडणारं विकर) वापरून पेशीचा स्वतःचा संदेश नष्ट केला आणि नंतर कॅल्शियम बांधून टाकून ते विकर थांबवलं. तेव्हापासून या द्रवात आपल्या पसंतीचा संदेश घालून प्रथिन बनवून घेता येतं. जगभरच्या प्रयोगशाळांत हा लायसेट आज तयार विकत मिळतो, आम्हीही तोच घेतला आहे.

या यशामुळे एक समज मात्र घट्ट बसला. पटल काढूनही प्रथिन बनतं, तर पटल म्हणजे नुसती पिशवी, असा. पण लायसेट नीट चालावा म्हणून आपण त्यात काय काय घालतो ते पाहा: पोटॅशियम, मॅग्नेशियम, अमिनो आम्लं, ऊर्जेसाठी क्रिएटिन फॉस्फेट, आणि हेमिन, म्हणजे हेमचं (हिमोग्लोबिनमधल्या लोहधारी भागाचं) बाहेरून घालता येणारं रूप. यातलं पोटॅशियम, अमिनो आम्लं आणि हेमसाठीचं लोह पेशीत पटलाच्याच कामामुळे जमतं. पटलाने केलेलं हे काम आपण बाटलीतून परत घालतो आणि म्हणतो, पटलाची गरज नाही. म्हणून यापुढे प्रत्येक घटक एकेक करून काढून पाहायचा आणि अखंड पेशीत त्याच जागी पटलाचं कोणतं काम अडवता येतं ते शोधायचं.

१४ जून

पहिला घटक हेमिन. न्यूक्लिएज न लावलेला लायसेट घेतला, म्हणजे पेशीचाच ग्लोबिन-संदेश आत. ३० अंश सेल्सिअस. एका ट्यूबमध्ये हेमिन, दुसरीत नाही. किरणोत्सारी ल्युसिन किती गुंफलं गेलं ते ठरावीक अंतराने मोजलं.

पहिली काही मिनिटं दोन्ही रेषा एकमेकींवर चढलेल्या. मग हेमिन नसलेली रेषा एकदम आडवी झाली. पाठ्यपुस्तकात हेच चित्र असतं, तरी स्वतःच्या मोजणीतून ते उमटताना पाहणं वेगळं. सुरुवातीचा तो काळ म्हणजे आधीच संदेशावर चढलेले रायबोसोम आपली साखळी पूर्ण करतात तो. नवे चढत नाहीत. सुक्रोज ग्रेडियंटवर (साखरेच्या वाढत्या दाटीच्या द्रवात लहान-मोठे गट वेगळे करून) तेच दिसलं: एका संदेशावर ओळीने बसलेल्या रायबोसोमांचे गट विरघळून सुट्या रायबोसोमांचं शिखर वाढलं.

१५ जून

कालच्या निकालामागची यंत्रणा, स्वतःच्या शब्दांत.

हेम कमी पडला की एचआरआय नावाचं कायनेज (फॉस्फेट चढवणारं विकर) जागं होतं. हेम भरपूर असताना तो या कायनेजला चिकटून त्याला गप्प ठेवतो. जागं झालेलं एचआरआय ईआयएफ-२ या आरंभघटकाच्या अल्फा भागावर, ५१व्या क्रमांकाच्या सेरिनवर, फॉस्फेट चढवतं. ईआयएफ-२चं काम पहिलं मेथिओनिन रायबोसोमपर्यंत आणायचं. दर फेरीनंतर त्याला ईआयएफ-२बी कडून वापरून झालेला जीडीपी देऊन नवा, ऊर्जा असलेला जीटीपी घ्यावा लागतो. फॉस्फेट चढलेलं ईआयएफ-२ मात्र ईआयएफ-२बी ला धरून बसतं, सोडत नाही. ईआयएफ-२बी पेशीत मुळात थोडं असतं. त्यामुळे ईआयएफ-२चा काही भागच फॉस्फेटयुक्त झाला तरी सगळीच सुरुवात ठप्प होते.

हे कशासाठी? हेमविना ग्लोबिन पेशीला घातक असतं. एचआरआय जनुक काढलेल्या उंदरांवरचा २००१ चा अभ्यास वाचताना हे फार स्पष्ट झालं. लोह कमी मिळालं की साध्या उंदरांच्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. एचआरआय नसलेल्या उंदरांत तसं होत नाही. पेशी ग्लोबिन बनवतच राहतात, जादा ग्लोबिनचे गोळे आत साचतात आणि पेशी फुटतात. लोहाच्या कमतरतेत दिसणारी लहान, फिकट पेशी म्हणजे निव्वळ उणीव नव्हे. पेशीने स्वतःला जगवण्यासाठी घातलेली ती मर्यादा आहे. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर मुद्दा वाटतो.

२१ जून

अखंड पेशी मिळाल्या: दुसऱ्या गटाच्या मंजूर कामातून उरलेलं, रेटिक्युलोसाइटचं प्रमाण जास्त असलेलं सशाचं रक्त. आधी सेल्युलोजच्या स्तंभातून गाळून पांढऱ्या पेशी काढल्या. हे टाळून चालत नाही. पांढऱ्या पेशी संख्येने थोड्या असल्या तरी त्यांना केंद्रक असतं आणि प्रथिननिर्मितीचा वेग मोठा. न्यू मिथिलीन ब्लूने रंगवल्यावर उरलेल्या आरएनएचं निळं जाळं छान दिसलं.

किरणोत्सारी खूण ल्युसिनवरच हवी, मेथिओनिनवर नाही. माणसाच्या बीटा-ग्लोबिन साखळीत १४६ अमिनो आम्लांपैकी ल्युसिन १८ आणि मेथिओनिन एकच. डिंट्झिस यांनी १९६१ मध्ये साखळी अमिनो टोकाकडून कार्बॉक्सिल टोकाकडे वाढते हे सिद्ध केलं तेही सशाच्या रेटिक्युलोसाइटमध्ये ल्युसिन वापरूनच.

२२ जून

मोजणीतली एक अडचण इथे सविस्तर नोंदवतो, कारण ती या प्रकल्पाच्या प्रश्नाशीच जोडलेली आहे.

लायसेटमध्ये ल्युसिन थेट रायबोसोमच्या आसपास पोहोचतं. अखंड पेशीत ते आधी पटल ओलांडतं. समजा एखाद्या औषधाने मोजणी निम्म्यावर आली. प्रथिन कमी बनलं, की ल्युसिन कमी आत शिरलं? नुसत्या आकड्यावरून सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग मोजायचे ठरवलं: ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने साका होतो तो, म्हणजे प्रथिनात गुंफलेलं ल्युसिन, आणि द्रवात राहतो तो, म्हणजे पेशीत आलेलं पण अजून न वापरलेलं. त्यातही ल्युसिन सोडियमवर अवलंबून नसलेल्या वाहकातून येतं, ग्लायसिन मात्र सोडियमच्या उतारावर स्वार होऊन. सोडियम-पोटॅशियम पंप अडवायचा प्रयोग पुढे आहे, तिथे हा फरक उपयोगी पडेल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हिमोग्लोबिनचा लाल रंग सिंटिलेशन काउंटरमधला (किरणोत्सार प्रकाशाच्या रूपात मोजणाऱ्या यंत्रातला) प्रकाश गिळतो. साका करण्याआधी अल्कली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून रंग घालवावा लागतो. पांढरा साका आला तरच ती मोजणी धरायची.

२७ जून

आज पटलावरचं लोहाचं दार.

रक्तातलं लोह ट्रान्सफेरिनवर बसून येतं, एका रेणूवर जास्तीत जास्त दोन अणू. पेशीच्या पटलावरचा ट्रान्सफेरिन ग्राहक त्याला धरतो आणि पटलाचा तेवढा तुकडा आत वळून पुटिका बनते. पुटिकेत आम्लता वाढते, लोह सुटतं, स्टीप-३ हे विकर त्याचं क्षपण करतं, डीएमटी-१ हा वाहक ते बाहेर काढतो आणि ते तंतुकणिकेकडे जातं. रिकामं ट्रान्सफेरिन ग्राहकासकट पटलावर परत येतं. बेलग्रेड उंदीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात डीएमटी-१ मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि तेवढ्यानेच त्यांना तीव्र रक्तक्षय होतो.

एक हिशेब केला. माणसाच्या एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू. प्रत्येकात चार हेम. म्हणजे १०० कोटींहून जास्त लोहअणू. प्रत्येक ट्रान्सफेरिन दोन्ही जागा भरून आलं असं धरलं तरी एका पेशीच्या घडणीत पटल ५० कोटींहून जास्त ट्रान्सफेरिन रेणू आत ओढून परत बाहेर सोडतं. यातलं बहुतेक काम अस्थिमज्जेत होऊन जातं, तरी एकूण हिमोग्लोबिनचा साधारण एक-तृतीयांश भाग रेटिक्युलोसाइट अवस्थेत बनतो. या पटलाला पिशवी म्हणायला मन धजत नाही.

२८ जून

प्रयोग: अखंड पेशी, लोहभरलं ट्रान्सफेरिन असलेलं माध्यम. एका गटात अमोनियम क्लोराइड, म्हणजे पुटिकेतली आम्लता वाढू नये आणि लोह ट्रान्सफेरिनवरच अडकून राहावं. दुसऱ्या गटात अमोनियम क्लोराइड अधिक बाहेरून दिलेलं हेमिन.

पहिल्या गटात ल्युसिन गुंफणं हळूहळू मंदावलं. दुसऱ्यात ते बऱ्याच अंशी सावरलं. द्रवभागातलं ल्युसिन दोन्हीकडे जवळपास सारखं, म्हणजे ल्युसिनचा प्रवेश कारणीभूत नाही. लायसेटमध्ये हेमिन काढल्यावर रेषा झटकन आडवी झाली होती, इथे ती सावकाश वाकली. आतला हेम संपायला वेळ लागत असावा.

याच संदर्भात पोंका आणि शुलमन यांचं १९८५ चं काम पुन्हा वाचलं. त्यांनी एसआयएच नावाच्या रसायनाशी बांधलेलं लोह वापरलं. ते ट्रान्सफेरिन आणि ग्राहक या दोघांनाही वळसा घालून थेट आत जातं. ट्रान्सफेरिन हवं तेवढं दिलं असताना रेटिक्युलोसाइट जितका हेम बनवतात, त्याहून जास्त हेम त्यांनी या वळणवाटेने बनवला. म्हणजे तंतुकणिकेची क्षमता शिल्लक होती, लोह आत आणण्याचा वेग कमी पडत होता. साखळी अशी जुळते: पटलावरच्या ग्राहकांमुळे लोहाचा वेग ठरतो, लोहामुळे हेमचा, हेममुळे एचआरआय गप्प की जागं हे ठरतं, आणि त्यावरून रायबोसोम संदेशावर चढणार की नाही ते.

४ जुलै

पोटॅशियम. रायबोसोमला काम करायला भरपूर पोटॅशियम आणि कमी सोडियम लागतं. रक्तद्रवात नेमकं उलट. हा फरक टिकवतो पटलावरचा पंप.

अखंड पेशींना वाबेन, म्हणजे हा पंप अडवणारं रसायन, दिलं. सशाचा पंप त्याला संवेदनशील आहे, उंदीर-घुशींचा फारसा नाही. तिकडच्या पेशी वापरल्या असत्या तर काहीच दिसलं नसतं. लगेच काही झालं नाही. पेशीतलं पोटॅशियम गळत गेलं तसं ल्युसिन गुंफणं उतरत गेलं. माध्यमातच पोटॅशियम वाढवून ठेवलं तेव्हा घसरण बरीच कमी. लायसेटमध्ये तेच वाबेन घातलं, फरक शून्य. हा शून्य मला सर्वांत मोलाचा वाटतो: वाबेन रायबोसोमला हात लावत नाही, त्याचा परिणाम फक्त पटलातून येतो.

९ जुलै

सर्वांत गुंतागुंतीचा भाग. काही रायबोसोम खरोखर पटलाला चिकटलेले असतात का? आणि असले तर ते काय बनवतात?

हा वाद जुना आहे. १९७० मध्ये बुलोवा आणि बर्का यांनी मांडलं की रेटिक्युलोसाइटमधले पटलाला बांधलेले रायबोसोम ग्लोबिनेतर प्रथिनं बनवतात. १९७३ मध्ये वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रायबोसोमांवर ग्लोबिनही बनतं. दोन्ही काळजीपूर्वक केलेली कामं. अडचण आहे ती ‘बांधलेलं’ कशाला म्हणायचं यात. पेशी थंड, जवळजवळ क्षारविरहित पाण्यात फोडतात. एवढ्या कमी क्षारात रायबोसोम कशालाही चिकटतात. शिवाय फुटलेलं पटल पुन्हा मिटतं आणि आतला काही द्रव कोंडला जातो. तेव्हा पेलेटमध्ये, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसलेल्या पटलांत, आरएनए सापडला म्हणजे तो जिवंत पेशीतही तिथेच होता असं म्हणता येत नाही.

वेगळं करायची रीत १९७३ मध्येच ॲडेलमन, साबातिनी आणि ब्लोबेल यांनी यकृताच्या पटलांसाठी दिली होती. नुसत्या जास्त क्षाराने सैल चिकटलेले रायबोसोम सुटतात. वाढत्या साखळीने पटलात रुतलेले सुटत नाहीत. त्यांना प्युरोमायसिन द्यावं लागतं, म्हणजे साखळी तुटते आणि मग क्षाराने ते मोकळे होतात.

११ जुलै

ती रीत आमच्या पेलेटवर वापरली. कमी क्षाराच्या धुण्यानंतर पटलात आरएनए भरपूर. जास्त पोटॅशियम क्लोराइड दिल्यावर त्यातला बहुतेक निघून गेला. प्युरोमायसिनने आणखी थोडा. शेवटी उरला तो डिटर्जंटनेच सुटला, तो कोंडलेला असणार.

माझं मत: या अवस्थेत खऱ्या अर्थाने रुतलेले रायबोसोम अगदी थोडे. ते अपेक्षितही आहे. बँड-३ सारखी पटलातून आरपार जाणारी प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोसोमांवर, केंद्रक असतानाच्या अवस्थेत बनतात आणि रेटिक्युलोसाइट होईपर्यंत ती जालिका जवळपास नाहीशी झालेली असते. सैल चिकटणं पूर्ण कृत्रिम आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पेशीतल्याइतक्या क्षारात, सौम्य पद्धतीने फोडून हेच पुन्हा पाहायला हवं. तोपर्यंत अहवालात ‘पटलाला बांधलेले’ असं न लिहिता ‘पटलासोबत खाली बसणारे’ असंच लिहायचं.

१७ जुलै

उलट दिशेने: लायसेटला पटल परत दिलं. स्वतःचं नाही, कुत्र्याच्या स्वादुपिंडातल्या आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे. ब्लोबेल आणि डॉबरस्टाइन यांनी १९७५ मध्ये संकेत-सिद्धांत (प्रथिनाच्या सुरुवातीचा छोटा तुकडा त्याला पटलाकडे नेतो, हा) मांडताना हेच पटल आणि सशाच्या रेटिक्युलोसाइटचे रायबोसोम जोडले होते.

असा संकेत असलेल्या प्रीप्रोलॅक्टिन या प्रथिनाचा संदेश दिला. पटलाशिवाय जेलवर मोठा पट्टा. पटलासोबत त्याखाली दुसरा, लहान: ३० अमिनो आम्लांचा संकेत कापला गेलेला. प्रोटिनेज-के हे प्रथिन तोडणारं विकर घातल्यावर मोठा पट्टा गेला, लहान टिकला, कारण तो पटलाच्या आत सुरक्षित होता. ग्लोबिनच्या संदेशाला या पटलामुळे आकारात काहीच बदल नाही. संकेतच नसल्यामुळे पटल त्याला ओळखत नाही. पटल जास्त घातलं की दोन्ही संदेशांचं एकूण उत्पादन घटतं, म्हणून प्रमाण जपून ठरवावं लागलं.

गव्हाच्या अंकुरापासून केलेल्या तशाच पेशीविरहित द्रवात याहून ठळक गोष्ट दिसते. तिथे संकेत ओळखणारा कण, एसआरपी, घातला की साखळी सुमारे ७० अमिनो आम्लांवर थांबते आणि पटल भेटल्यावरच पुढे सरकते. म्हणजे संदेश पुढे वाचायचा की नाही हे पटलाच्या हजेरीवर ठरतं. रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये हा थांबा इतका ठळक येत नाही, म्हणून तो प्रयोग आम्ही केला नाही.

२३ जुलै

अखंड पेशी ३७ अंशांवर ठेवून पक्व होताना पाहिल्या. फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) ट्रान्सफेरिन ग्राहक आणि थायाझोल ऑरेंजने दिसणारा आरएनए, दोन्ही उतरत गेले.

ग्राहक जातात कुठे? १९८३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं: पॅन आणि जॉनस्टन यांनी मेंढीच्या, हार्डिंग, ह्यूझर आणि स्टाल यांनी घुशीच्या पेशीत. ग्राहक असलेला पटलाचा भाग आत वळतो, त्याच्या लहान पुटिका होतात आणि त्या पेशीबाहेर टाकल्या जातात. पुढे जॉनस्टन यांनी त्यांना एक्झोसोम नाव दिलं. आज निदानापासून औषधवहनापर्यंत ज्याची चर्चा चालते, त्याचा उगम या पेशीच्या पटल-आवराआवरीत आहे.

त्याच सुमारास १५-लायपॉक्सिजिनेज हे विकर तंतुकणिकांच्या पटलांवर हल्ला करतं. त्याचा संदेश पेशीत आधीपासून असतो, पण त्याच्या शेपटीकडच्या भागावर दोन प्रथिनं बसून वेळ येईपर्यंत तो वाचू देत नाहीत. यूबीई-२ओ हे विकर रायबोसोम मोडण्याचं काम करतं, हे २०१७ मध्ये समोर आलं. लोह थांबलं, हेम बनवणाऱ्या तंतुकणिका गेल्या, शेवटी रायबोसोमही गेले. यातलं आधी काय, हे आमच्या दोन मोजण्यांवरून ठरत नाही. ग्राहक आणि ल्युसिन एकाच नमुन्यात, जवळजवळच्या वेळी मोजावे लागतील.

२४ जुलै

पुढच्या खेपेची मांडणी. पक्व होत जाणाऱ्या पेशींचे नमुने ठरावीक वेळांना काढायचे आणि प्रत्येकाचे तीन भाग करायचे: एकाला लोहभरलं ट्रान्सफेरिन, दुसऱ्याला एसआयएच-लोह, तिसऱ्याला हेमिन. ग्राहक उतरल्यावर ट्रान्सफेरिनच्या भागात ल्युसिन गुंफणं घटलं आणि एसआयएच-लोहाच्या भागात टिकलं, तर पटलाचं दार आधी बंद होतं. दोन्हीकडे घटून हेमिनवर टिकलं, तर तंतुकणिका आधी जातात. तिन्हीकडे एकदम घटलं, तर रायबोसोम. सोबत ईआयएफ-२ अल्फावरचं फॉस्फेट प्रतिपिंडाने तपासायचं. रक्त पुढच्या आठवड्यात मिळेल. सेल्युलोजचे स्तंभ आदल्या दिवशी भरून ठेवायचे.